गंजातली कैरी

आमच्या घरी कोणी जेवायला बसलं की माझी नात गालातल्या गालात हसते. आता आजी यादी वाचणार, हे तिला पाठ झालेलं आहे. भाजीत दाण्याचा कूट आहे, वरणात चिंच आहे, वांग्याला जवसाची चटणी लावली आहे, असं सगळं सांगून झाल्याशिवाय मी पाहुण्याला पहिला घास घेऊ देत नाही. पाहुण्यांना वाटतं, म्हातारीला आपल्या स्वयंपाकाचं कौतुक फार. सुनेला वाटतं, जन्मभर नर्सची नोकरी केली, तिथली ही सवय. मी कोणाची समजूत मोडत नाही. पण परवा या नातीनेच चंद्रपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एका भांड्यात कोलंबी आणि पास्ता शिजवला. "वीस मिनिटांत होतं, आजी, आणि घासायला भांडं एकच," असं म्हणत तिने पाकिटातली बर्फाळ कोलंबी, लसूण, टोमॅटो आणि तो पिळाचा पास्ता एकत्र टाकला, वरून लिंबू पिळलं आणि झाकण ठेवलं. झाकण काढल्यावर वाफेबरोबर जो आंबट, झिंग्याचा, शिजल्या कणकेचा वास आला, त्याने मी दोन पावलं मागे सरकले. तिला वाटलं, आजीला वास आवडला नाही. तसं नव्हतं. हा पदार्थ मी आयुष्यात एकदाच केला होता, पास्ता हा शब्द आमच्या जिल्ह्यात यायच्या कितीतरी आधी, आणि त्यानंतर कित्येक दिवस मला अन्न गोड लागलं नव्हतं.

मी तेव्हा बारावीला गणितात गचकले होते. आमचं घर बल्लारपूरला, पेपर मिलच्या वासात. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला तो वास कधी यायचाच नाही. आई तिथे माझ्या धाकट्या भावाच्या शाळेसाठी राहिली होती आणि बाबा हिवतापाच्या खात्यात नोकरीला, हेमलकशाच्याही पुढे, जंगलातल्या एका माडिया गावात. आईने ठरवलं, की ही पोरगी इथे नुसती रडत बसेल, त्यापेक्षा हिने बापाला दोन वेळचं रांधून घालावं आणि पुरवणी परीक्षेचा अभ्यास करावा. म्हणून मी दोन एसट्या बदलून, गणिताचं पुस्तक आणि आईने दिलेला सरगुंड्यांचा डबा मांडीवर घेऊन तिथे पोचले. सरगुंडे आमच्याकडे उन्हाळ्यात करतात. मऊ मळलेल्या कणकेच्या बारीक पट्ट्या काड्यांवर गुंडाळायच्या, बाजेवर उन्हात वाळवायच्या आणि काडी ओढून घ्यायची. पोकळ पिळाच्या नळ्या राहतात. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया एकेका घराचे सरगुंडे मिळून करायच्या आणि ते खायचे आंब्याच्या रसात, नाहीतर दुधागुळात. तिखटात सरगुंडे कोणी घातले असते तर आईने कपाळावर हात मारून घेतला असता.

बाबांची खोली म्हणजे एक खोली, एक पडवी आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर. संध्याकाळी पडवीत बाबा कंदील लावून बसत आणि ताप असलेली माणसं येत. बाबा बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेत आणि गोळी देत. माणसं गोळी घेत, पाणी पीत, 'जोहार' म्हणून जात. हे दिसायला सोपं होतं, पण त्यामागे बाबांची चार वर्षं गेली होती. पहिल्या वर्षी कोणी बोट पुढे करत नसे. बाबा घरोघर फिरले, शेतावर गेले, तापाच्या माणसाजवळ बसून राहिले, तेव्हा कुठे हात पुढे येऊ लागले. गावात त्यांना सगळे डॉक्टरभाऊ म्हणत आणि बाबा दर वेळी सांगत, "अरे, मी डॉक्टर नाई हो." पण त्यांना ते आवडायचं, हे मला दिसायचं.

शेजारचं घर देवेबाईंचं. देवेबाई म्हणजे सडसडीत, तोंडात कायम तंबाखूची गोळी, मराठी समजे पण बोलत मोजकं. त्यांचा मुलगा लालसू बाबांना गावं दाखवायला बरोबर फिरायचा. लालसूची बायको जुरी माझ्याच वयाची होती, आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मराठी बोलायची. तिचे दिवस भरत आले होते. एवढं पोट घेऊन ती नदीवर जायची, दगडांमधल्या डबक्यात टोपलं लावून झिंगे धरायची आणि माझ्याकडे येऊन माझी मजा बघायची, कारण मला लाकडाची चूल पेटवता येत नव्हती. मी फुंकून फुंकून डोळे लाल करायचे आणि शेवटी स्टोव्ह काढायचे. बाबा म्हणत, "जंगलात राहून राह्यली आन् लाकूड पेटवता येत नाई तुले. गणितात काऊन गेली ते समजलं मले." जुरी हसायची, मग मीही हसायचे. त्या दिवसांत मला परीक्षेचं सोडून दुसरं काही भय नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा आणि लालसू दूरच्या पाड्यांवरून यायचे होते, सकाळपासून उपाशी. जुरी पानाच्या द्रोणात झिंगे घेऊन आली, पाठोपाठ देवेबाई. मी जेवून जायचा आग्रह केला. आग्रह करून झाल्यावर स्टोव्ह हलवून पाहिला, तर घासलेट तळाशी. भात, मग भाजी, असे दोन प्रकार काही त्यात होणार नव्हते. पाच माणसं, एक गंज, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं, आणि मूठभर वेळ. मग माझं लक्ष सरगुंड्यांच्या डब्यावर गेलं. मी गंजात जवसाचं तेल टाकलं, कांदा, ठेचलेला लसूण, हळद, तिखट. जुरीने झिंग्यांची डोकी मोडून, पाय काढून दिले, ते परतले. ते लाल होऊन वळले, तसं त्यांना आंबट हवं हे मला कळत होतं. चिंचेच्या बरणीला मुंग्या लागलेल्या. आईने आठवड्यापूर्वी एसटीच्या कंडक्टरबरोबर एक पिशवी पाठवली होती, त्यात कैऱ्या होत्या. मी एकटीच मीठ लावून रोज एक खात असे, कोणाला दाखवत नसे. त्यातल्या दोन सोलून अगदी बारीक चिरल्या आणि गंजात टाकल्या. पाणी ओतलं, उकळी आली, तसे सरगुंडे हातांनी मोडून सोडले आणि झाकण ठेवलं. कैरी विरघळून गेली, सरगुंड्यांच्या कणकेने रस्सा दाट झाला आणि स्टोव्ह फडफडून विझला तेव्हा सगळं शिजलेलं होतं. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला. मी स्वतःवर फार खूश होते, ते लपवत नाही.

बाबा आणि लालसू आले, पाय धुतले आणि आम्ही पडवीत पानांवर बसलो. बाबांनी पहिल्यांदा सरगुंड्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तुह्या मायले नको सांगू," ते म्हणाले आणि खाऊ लागले. लालसू खाली मान घालून भराभर खात होता. देवेबाईंनी एक घास घेतला, जिभेवर फिरवला आणि मला विचारलं, "चिंच?" माझ्या तोंडात घास होता. कैरी म्हणावं, तर कुठून आली, कोणी पाठवली, आणखी आहेत का, हे सगळं निघणार. पिशवीत चारच उरल्या होत्या. मी मान हलवली. हो. देवेबाई खाऊ लागल्या. जुरीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पान बोटाने पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालसू नदीपलीकडे बहिणीच्या गावाला गेला. मी आणि जुरी कपडे घेऊन नदीवर निघालो. वाटेवर तीन मोठी आंब्याची झाडं होती, त्या वाटेने मी रोजच जात असे. खाली कैऱ्यांचा सडा पडलेला. त्या दिवशी पहिल्यांदा मला नवल वाटलं, की हे कोणीच कसं उचलत नाही. आमच्या बल्लारपुरात एवढ्या कैऱ्या तासभर जमिनीवर राहिल्या नसत्या. मी वाकून एक उचलली, तशी मागून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातातून ती काढून घेतली आणि परत झाडाखाली ठेवली. रागाने नव्हे. आपण लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेतो, तशी. "काऊन?" मी जुरीला विचारलं. जुरी कपडे खाली ठेवून म्हणाली, "मरका पंडुम नाई झाला ना अजून." मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. नवीन आंबा आधी पूर्वजांना आणि देवाला द्यायचा, सगळ्या गावाने मिळून, पेरमा सांगेल त्या दिवशी. पेरमा म्हणजे गावाची पूजा करणारा माणूस. त्याच्याआधी नवीन आंबा कोणी तोंडात घालत नाही, तान्हं मूलसुद्धा. मी विचारलं, "आन् खाल्ला तर?" जुरीने नदीकडे बघत सांगितलं, "मग जंगल ऐकत नाई. साप निघते, वाघ येते. कोनाचं काही बी होते." आणि ती कपडे आपटायला लागली.

मी कपडे तसेच धरून उभी राहिले. आमच्या घरात देवच नव्हते, तर देवाचा कोप कुठून असणार. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते, आणि अंगात येणं, उतरवणं, नवस यांची आमच्याकडे चेष्टा व्हायची. मीही त्याच घरात वाढलेली. सापाचा आणि कैरीचा संबंध नाही, हे मला चांगलं कळत होतं. पण दोन कैऱ्या मी या माणसांच्या पोटात घातल्या होत्या, त्यांना न सांगता. आणि देवेबाईंनी विचारलं होतं. विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. नुसतं माहीत नव्हतं असं असतं तर मी सांगून मोकळी झाले असते. त्या मान हलवण्याने माझी वाट बंद केली होती.

लालसू दोन दिवसांत येतो म्हणून गेला होता. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी देवेबाई सकाळपासून नदीकडच्या वाटेला तोंड करून बसल्या, हातात काम नाही. जुरीच्या कमरेत दुखत होतं, ती भिंतीला टेकून होती. मी गणिताचं पुस्तक उघडून बसायचे आणि एकच उदाहरण पुन्हा पुन्हा वाचायचे. पडवीबाहेर पाचोळा वाजला की वाटायचं साप. कुत्रं भुंकलं की वाटायचं कोणी निरोप घेऊन आलं. उरलेल्या कैऱ्या पिशवीत पिवळ्या पडत चालल्या होत्या, त्यांचा वास खोलीभर झाला होता. कोणी आत आलं की मी पिशवीवर गोधडी टाकायचे. जुरी आली की मी डोळे चुकवायचे. तिने एकदा विचारलंही, "परत कधी करशील तसं?" मी म्हटलं, घासलेट नाही.

पाचव्या दिवशी दुपारी बाबा जेवायला बसले आणि मी भात वाढताना रडायला लागले. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, बाबा हसतील. ते म्हणतील, वेडी आहेस, आपण हे मानत नाही. तेच ऐकायला मी सांगितलं होतं, खरं तर. बाबांनी घास खाली ठेवला. "देवेबाईनं विचारलं होतं?" त्यांनी एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "आपन नाई मानत ना. मानत नाई ते आपल्यापुरतं. तुह्या आज्यानं दीक्षा घेतली तवा पहिलं काय सोडलं, माहीत आहे? मेलेल्या ढोराचं मटन. गावानं फेकलेलं ते खायचं, नाईतर उपाशी राहायचं, असं होतं. आपल्या ताटात काय येईन ते आपन ठरवू, असं तो म्हनाला आन् त्या दिवसापासून मान वर करून चालाले लागला. आन् तू दुसऱ्याच्या ताटात त्याले न सांगता टाकलं." मी म्हटलं, "मले माहीत नव्हतं, बाबा." "माहीत नव्हतं ते ठीक. चिंच काऊन म्हटलं?" मी भाताचं भांडं झाकायला लागले. थोड्या वेळाने ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "माह्या गोळीत काय असते, ते तरी कोनाले दिसते, रत्ना? माह्या हातावर भरोसा ठेवून गिळतात." तेव्हा मला कळलं, की बाबाही घाबरले आहेत. सापाला नाही. त्यांची चार वर्षं त्या गंजात पडली होती आणि ती मी टाकली होती. तरी त्यांनी हात धुतले, सदरा घातला आणि म्हणाले, "चल. पिशवी घे."

पेरमा आपल्या अंगणात बांबूच्या कामट्यांचा मासे धरायचा सापळा विणत बसला होता. मला वाटलं होतं, तो कोणी भीतिदायक माणूस असेल. होता एक म्हातारा शेतकरी, गुडघ्याला पाला बांधलेला. बाबांनी देवेबाईंना आणि जुरीला बोलावून घेतलं होतं, आणखी चार माणसं आपोआप जमली. बाबा म्हणाले, "पोरीचं चुकलं, घर माहं आहे. ती सांगेन." मी उभी राहून सांगितलं. इतकं हळू बोलले, की दोनदा सांगावं लागलं. जुरी माडियात सांगत गेली आणि ते सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पेरमाने कामटी खाली ठेवली आणि मोडक्या मराठीत विचारलं, "कुठचा मरका?" 

"बल्लारपूरचा." 

"तिथी पंडुम झाला?" 

मी म्हटलं, "आमच्याकडे पंडुम नसते." 

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "मग तुमाले कसं समजते, कधी खायचं ते?" 

"बाजारात आलं की," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि माझी कीव केल्यासारखं काहीतरी शेजारच्याला सांगितलं. कोणी हसलं नाही. 

देवेबाई उठल्या. त्या माडियात बोलल्या, पण माझ्याकडे बोट दाखवून एक वाक्य मराठीत म्हणाल्या, मला समजावं म्हणून. "मी विचारलं होतं. हिनं हो म्हटलं." मग त्या बाबांकडे वळल्या. "याच्या गोळीत काय असते, कोनाले माहीत?" जमलेली माणसं बाबांकडे पाहू लागली. कितीतरी वेळा बोट पुढे केलेली ती माणसं होती.  बाबांची हनुवटी हलत होती आणि ती मी पाहू नये म्हणून त्यांनी मान वळवली. माझ्या आयुष्यात मला त्याहून जास्त लाज कधी वाटलेली नाही.

तेवढ्यात जुरी म्हणाली, "मले माहीत होतं." आधी मराठीत म्हणाली आणि मग माडियात. देवेबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की मीच मागे सरकले. पेरमाने विचारलं, "कधी समजलं?" "पहिल्या घासाले." "मग?" जुरी पोटावर हात ठेवून खाली बघत होती. "मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आंबट पाहिजे होतं. रोज त्या झाडाखालून जाऊन राह्यली मी. रोज." एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. देवेबाई हसल्या नाहीत. मग जुरी पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाली, "तुले नदीवर सांगितलं तवा वाटलं, तू बोलशील. तू बोलली असती, तर मी बी बोलली असती." म्हणजे पाच दिवस आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून, एकच गोष्ट पोटात ठेवून घाबरत होतो. मला त्या क्षणी तिचा राग आला आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं.

पेरमाने कामटी पुन्हा हातात घेतली. सण चार दिवसांवर होता. तो म्हणाला, पिशवीतल्या कैऱ्या त्या दिवशी आणा, आमच्या मरक्यांच्या शेवटी ठेवा. ज्यांनी खाल्लं त्यांनी त्या दिवशी आधी कबूल करायचं आणि सगळ्यांच्या मागून खायचं. पोरीने बायांबरोबर बसून आंबे चिरायचे. आणि मला म्हणाला, "कोनी विचारलं तं खरं सांगायचं." बस, एवढंच. गोळ्यांबद्दल तो काही बोलला नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालसू आला, धडधाकट, अंगावर धुळीचे थर. बहिणीच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायचे राहिले होते, ते फेरून दिले म्हणून उशीर झाला, असं त्याने सांगितलं. देवेबाईंनी त्याला पाणी दिलं आणि आत जाऊन बसल्या. मला वाटलं होतं, तो आला की माझ्या छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही, कारण त्या संध्याकाळी बाबांनी पडवीत कंदील लावला आणि कोणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पलीकडच्या घरात कोणाला तरी हुडहुडी भरली होती, कण्हणं आम्हाला ऐकू येत होतं. बाबा उठून त्या दारापर्यंत गेले, बाहेरूनच विचारलं आणि परत आले. काचेच्या पट्ट्या पुसून ठेवल्या, पुन्हा पुसल्या. मी त्यांना म्हटलं, "बाबा, मी बल्लारपूरले परत जाऊ का?" ते म्हणाले, "आंबे कोन चिरन मग?"

सणाच्या दिवशी मी बायांच्या रांगेत बसून आंबे चिरले. कबूल करायची वेळ आली तेव्हा बाबा उभे राहिले, मी राहिले, लालसू राहिला, जुरी भिंतीला धरून उठली आणि सर्वांत शेवटी देवेबाई. त्या तर फसवल्या गेल्या होत्या, तरी उभ्या राहिल्या. माझ्या आईच्या बल्लारपूरच्या कैऱ्या, सुरकुतलेल्या, पिवळट, त्या हिरव्यागार ढिगाच्या शेवटी ठेवलेल्या होत्या. आम्हा पाच जणांना सगळ्यांच्या मागून फोडी मिळाल्या. जुरीने तिची फोड खाताना डोळे मिटले. पुढच्या पंधरवड्यात तिला मुलगी झाली, आणि त्या मुलीलाही आंबट आवडतं, हे मी अजून सांगू शकते, कारण ती गडचिरोलीला नोकरीला आहे आणि दर उन्हाळ्यात मला फोन करून विचारते, "मावशी, मरका खाल्ला का?"

सणानंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी, कंदील लावलेला होता आणि बाबा काही न करता बसले होते. अंगणात कोणी आलं. देवेबाई होत्या, गोधडी पांघरलेल्या, दात वाजत होते. त्या येऊन बसल्या आणि बोट पुढे केलं. बाबांनी थेंब घेतला आणि गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. देवेबाईंनी मूठ मिटली नाही. "यात काय आहे?" त्यांनी विचारलं. बाबा क्षणभर गडबडले. चार वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, की तापावरचं औषध आहे, कडू आहे, पूर्वी असंच औषध एका झाडाच्या सालीतून काढत, आता कारखान्यात करतात, उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं. देवेबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. "खरं?" 

मी मान हलवली नाही. तोंडाने सांगितलं, "खरं." 

त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं. मग त्यांच्या मागे अंधारात उभी असलेली हुडहुडीवाली माणसं एकेक करून पुढे आली आणि प्रत्येकाने हात पुढे करून तेच विचारलं. बाबा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते, कारखान्यापर्यंत. त्यांचा घसा बसला.

सगळे गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. बाबा म्हणाले, "चार वर्षं कोनी विचारलं नाई, आन् मी समजत होतो याले भरोसा म्हनतात." मी भाजी वाढली. त्यांनी घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले. 

"रत्ना, भाजीत काय आहे?" 

मी सगळं सांगितलं. मीठसुद्धा.